बलक भरण्याचे दिवस

माघाच्या उतरत्या उन्हात तलाव करडा, निश्चल पडला होता. काठच्या पळसांवर काळ्या मखमली कळ्या धरल्या होत्या, आणि पाण्याखाली, रोहूच्या रुपेरी उदरांत, अंड्यांमध्ये पिवळा बलक भरू लागला होता. दृष्टीआड, सावकाश, थेंबाथेंबानं.

मत्स्यबीज केंद्रातली वच्छला गुडघाभर पाण्यात उभी होती. मादी कुशीत धरायची, पराच्या बुडाशी लस टोचायची, सोडून द्यायची. पुन्हा धरायची. पाणी हाडांत शिरणारं होतं, पण तिला ते लागत नव्हतं. भाद्रपदात तिची बारा दिवसांची मुलगी गेली, तेव्हापासून तिला काहीच लागत नव्हतं. रडूही आलं नव्हतं.

आई आपल्या रक्तातलं रोगाशी झुंजायचं बळ अंड्याला देते, पण बलक भरत असतानाच. एकदा भरला, अंडं मिटलं, की आईपाशी कितीही असो, ते आत जात नाही. मागच्या आषाढात हे केंद्रात कुणाला उमगलं नव्हतं. पोटं गच्च झाल्यावर माद्यांना टोचलं. माद्या जगल्या. पिल्लं आठव्या दिवशी पांढरी पडून तरंगली.

त्याच आषाढात, त्याच घाईत, वच्छलेची स्वतःची, पोटातल्या बाळासाठीची लस राहून गेली. सातव्या महिन्यात घ्यायची ती तिनं नवव्यात घेतली. मुलगी त्यामुळंच गेली का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. माहीत नसणं हाच तिचा निवारा होता. यंदा वेळेवर टोचूनही पिल्लं मेली, तर वेळेनं काही होत नसतं असं तिला म्हणता येणार होतं. तिला ते हवंही होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

मग आषाढ आला, जांभळा, झाकोळलेला. मोहरीएवढी तांबूस अंडी ताटात ओघळली, वर नराचं शुभ्र बीज पडलं. वच्छलेनं बदकाचं पीस घेऊन ते कालवलं, हळू, अगदी हळू. अंड्याला हाताचा भार सोसत नाही, म्हणून पीस.

आठव्या दिवशी सकाळी ती हौदाशी गेली. पिल्लं पोहत होती. पारदर्शक, कोवळी, अगणित.

केंद्रातले जुने जाणते देवराव मागं येऊन उभे राहिले. समाधानानं म्हणाले, "औंदा वेळेवर टोचलं, म्हनून जगले. मागच्या साली उशीर झाला, बाकी काई नाई."

"होय देवरावमामा," वच्छला म्हणाली. "उशीरच झाला."

ते निघून गेले. तिनं हौदात हात घातला. पिल्लं बोटांभोवती जमली, विखुरली, पुन्हा जमली. वर ढग, खाली ढगांची सावली, मधे तिचा हात. पाणी गार होतं. कितीतरी महिन्यांनी तिला ते गार लागलं, आणि तिनं हात काढला नाही.