हातची आग

रनाळ्यात लग्न ठरलं की आधी मांडववाल्याला सांगतात आणि मग तापीबाईला. मांडववाला एखादवेळेस बदलतो, तापीबाई नाही. हळदीच्या संध्याकाळी नवरीच्या आईच्या वतीनं एक नवं गाणं लागतं आणि ते तापीबाईनंच जोडायचं, असं तिच्या तरुणपणापासून चालत आलेलं.

तिची रीत सोपी होती, थोडी लबाडीचीही. नवरीच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि आईला कुरकुरू द्यायचं. आया काय, कुरकुरतातच. कुणी म्हणे, पोरगी गेल्यावर माझा चष्मा कोण शोधून देईल. तापीबाई मान हलवत चहा संपवायची आणि तेवढं वाक्य पदराला बांधून घरी न्यायची. गेल्या वर्षी शेजारच्या मंगलाबाईनं तक्रार केली, की घरातली बकरी लेकीशिवाय कुणाच्या हातचा पाला खात नाही. हळदीला ती बकरी गाण्यात आली. बाया आधी हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या. मंगलाबाईला मात्र ते झोंबलं. "मन्ही बकरी तू गावभर चारी उनी," घरची गोष्ट गावभर फिरवल्याचा हा टोमणा ती अजून मारते.

यंदा तापीबाईच्याच लेकीचं, हर्षालीचं लग्न होतं, आणि गाणं काही येईना.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मायलेकी दोघीच. आता चहा प्यायला कुणाच्या घरी जायचं? स्वतःच्या चुलीपुढं बसून स्वतःचं ऐकावं, तर आत नुसता शीण. जन्मभर आपण दुसऱ्यांच्या विहिरीवर पाणी भरलं, स्वतःच्या अंगणात कधी खणलंच नाही, असं तिला वाटू लागलं. साऱ्या गावच्या लेकी गाणं घेऊन सासरी गेल्या आणि आपलीच तेवढी मुक्यानं जाणार.

हिवाळाभर रनाळ्याच्या बाया टेम्पोनं नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जातात. वाळत घातलेल्या लाल ढिगाशी बसून देठं खुडायची. संध्याकाळी हातांची अशी आग होते, की पाण्यानं ती वाढते आणि साबणाला दाद देत नाही. म्हणून घरात हळद असली की त्या घरची बाई आठवडाभर आधीच पथारी सोडते, कारण तेच हात नवरीच्या तोंडाला लागायचे असतात. तापीबाईनं सोडली नाही. बायांच्या बोलण्यातून काही हाती लागेल, या आशेनं ती हळदीच्या आदल्या दिवशीही जाऊन बसली.

शेजारी मंगलाबाई खुडत होती. तुझं डोकं फिरलंय का, असं तिनं विचारलंसुद्धा. तापीबाई देठं खुडत राहिली. बऱ्याच वेळानं ती आपली स्वतःशीच पुटपुटली, "रोज रातले पोर मन्हा हातले तेल लायी देस. आते कोन लायी?" आणि पुढची मिरची उचलली. आपण काही बोललो, हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

हळदीला अंगण भरलं. हर्षाली पाटावर बसली. पहिली हळद आईची; रनाळ्यात त्याला ती सवाष्णच असावी लागते असं नाही. तापीबाईनं वाटीत बोटं बुडवली आणि थबकली, हात अजून पेटलेलेच होते. मग ती वाकली, लेकीच्या पायांना तेवढी हळद लावली आणि मागं सरली. बायांत कुजबुज झाली. पाठोपाठ सगळ्या गाण्याची वाट बघत गप्प झाल्या. तापीबाईनं तोंड उघडलं, पण काहीच आलं नाही. ती इतकी थकली होती, की लाज वाटायचंही त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात मागून मंगलाबाईचा बेसूर आवाज आला.

"मिरचीनी आग लागनी हातले,
तेल कोन लायी व बाई, रातले?"

तापीबाईला आधी रागच आला. आपल्या घरातलं दुखणं हिनं असं चारचौघींत मांडावं! बकरीचा वचपा काढला म्हणायचा. पण बायांनी ती ओळ उचलली, दुसऱ्यांदा म्हटली, आणि तिला कळलं की हे आपलंच बोलणं आहे. आपण ऐकलं नव्हतं, ते मंगलाबाईनं ऐकून ठेवलं होतं. मंगलाबाईचं भांडवल मात्र तेवढंच. ती अडली आणि तापीबाईच्या तोंडाकडं बघू लागली. पुढची ओळ मग तापीबाईला शोधावी लागली नाही.

"आग ऱ्हाऊ दे मन्हा हातले,
सुखमा नीज तू बाई, रातले."

त्यापुढं तिला म्हणवेना. बाया म्हणत राहिल्या आणि तापीबाई तोंडाला पदर लावून, कुठल्याही नवरीच्या आईसारखी नुसती ऐकत बसली.

हळदीच्या पाटावरून नवरीनं उठायचं नसतं. हर्षाली उठली नाही. तिनं बसल्या जागेवरून आईचे दोन्ही हात ओढले, वाटीत बुडवले आणि आपल्या गालांवर ठेवले. तापीबाई हात सोडवून घेऊ लागली. आग होईल, म्हणाली.

"होऊ दे," हर्षाली म्हणाली. "सासरले ही आग माले कोठे भेटी?"

गाल चरचरले असणारच. तिनं हात सोडले नाहीत.