पहिली भिंगरी कुणी पाहिली

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या एका डोळ्याभोवतीचे रबर कधीच गळून गेले, पट्टाही शिवून झाला, पण नजर अजून शाबूत आहे. मित्रांनो, कारखान्यात माझ्या काचा घासूनपुसून लख्ख झाल्या, तेव्हा मला वाटले, आता बोटीवरून देशोदेशी फिरायचे. आले कुठे, तर यॉर्कशरच्या एका गावी, वीटभट्टीमागच्या तळ्यावर. शाळेची बस चालवणाऱ्या बेरीलबाईंनी मला घेतले आणि रोज सकाळी तेच तळे, तीच बदके दाखवली. आधी मी नाक मुरडले. पुढे त्या तळ्याचा असा लळा लागला की विचारू नका.

शेजारचे क्लिफर्ड रोज सोबत असत. थंडी सरताना परदेशातून परतणाऱ्या भिंगरी पक्ष्यांतली वर्षातली पहिली भिंगरी कोण पाहतो, अशी दोघांची जुनी चुरस. हरेल त्याने केक करायचा. बिचारे क्लिफर्ड दरवर्षी केकच करत आले. न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणणे मात्र तळ्यावर महापाप.

यंदा ते कायमचे लेकीकडे शहरात निघाले होते. त्यांची दुर्बीण सामानात बांधली गेली होती, म्हणून दोघे मलाच आळीपाळीने वापरत. जाण्याचा दिवस जवळ आला, तरी गवतावर हिव पडतच होते. थर्मासमधला चहा ओठांशी येईतो गार व्हायचा. भिंगऱ्यांचा पत्ताच नव्हता.

एका सकाळी बेरीलबाईंनी मला डोळ्यांना लावले आणि पाण्यालगत झेपावणारी भिंगरी आम्हा दोघींना एकदमच दिसली. त्यांनी तोंड उघडले, मिटले आणि मला क्लिफर्डच्या हाती दिले.

"काच धुरकटलीय मेली. लव्हाळ्याकडे काही दिसतंय का, तू बघ."

क्लिफर्डनी मला लव्हाळ्याकडे असे गर्रकन वळवले की मला चक्कर यायची बाकी राहिली.

"बेरील, आली गं. मी पाहिली."

बेरीलबाईंनी नशिबाला यथेच्छ बोल लावले. क्लिफर्डनी गावभर मिरवून घेतले. मला तर आनंदाने नाचावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी केक आला. खालून करपलेला होता, तरी क्लिफर्डनी मिटक्या मारत खाल्ला. काच लख्ख होती, हे त्यांना माझ्यातून बघतानाच कळले होते.

"पुढच्या वर्षी भिंगरी दिसली की मला फोन कर," ते म्हणाले. "काच स्वच्छ असली तरी."

"गप खा," बेरीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक तुकडा कापला.

मित्रांनो, आमच्या काचा मऊ फडक्याने पुसा, आम्हाला पेटीत कोंडू नका. आणि काही सुंदर दिसले, तर आम्हाला शेजारच्याच्या हाती लवकर द्या. भिंगरी फार वेळ थांबत नाही.