जोडीतली दांडी

"सायब, वाटनी बराबर झाली," हेडक्लार्क बाबाराव म्हणाले. "दोन नग व्हते. एक मंचेरियलले गेला, एक आपल्याले राह्यला."

डॉ. यशवंतराव दारातच थिजले होते. फिजिओथेरपीच्या खोलीच्या मधोमध दोन खांबांवर बसवलेली, कमरेइतक्या उंचीची एकच आडवी लोखंडी दांडी होती. दुसरीच्या जागी फरशीला भोकं, आणि भोवती उखडलेलं सिमेंट.

"बाबाराव, ते दोन नव्हते हो... जोडी होती ती. माणूस दोन्हीच्या मधात उभा राह्यते."

"त्यायले काय मालूम, सायब? मोजनाऱ्याले दोन दिसले."

दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मंचेरियल त्यातलाच एक. खुर्च्या, कपाटं, जीपगाड्या, सगळ्यांची वाटणी निघाली. डॉक्टर सणाला आपल्या गावी, बेल्याला गेले होते. आले तर हे.

हयात गेली होती त्यांची या खोलीत. पडलेल्याला बसवायचं, बसलेल्याला उभं करायचं, उभ्याला चालवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. भाजीचा मळा राखणारी त्यांची आई, प्रयागबाई, शेवटपर्यंत विचारत राहिली, "बापा, तू आपरेशन करत नाईस, सुई टोचत नाईस, मंग लोकं तुले डाक्टर काऊन म्हनतात?" गावातले तर सरळ मालिशवाले डॉक्टर म्हणत. दवाखान्यानं खोली दिली, सामान दिलं नाही. तेव्हा भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमधला वेल्डर गाठून त्यांनी या दांड्या घडवून घेतल्या. हातांच्या घामानं त्या गुळगुळीत झाल्या होत्या.

त्यांनी मंचेरियलच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली नर्स तेलुगूत अगदी सहज म्हणाली, "आली ना पाइप. बायकांच्या वॉर्डात पडद्याला लावली."

डॉक्टरांनी फोन ठेवला. बाबाराव अजून जागचे हलले नव्हते.

"आनखी एक हाय, सायब. तुमची बी आर्डर आली. मंचेरियललेच. उद्या हजर व्हा लागते."

"आणि इथं कोण?"

बाबारावांनी आर्डरचा कागद पुढं केला; त्यात तेवढंच लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर जवळच्या स्टुलावर बसले. पक्षाघाताच्या माणसाला आपले पाय परके वाटतात, हे आजवर त्यांनी फक्त ऐकलं होतं.

तेवढ्यात चाकांच्या खुर्चीचा आवाज आला. राहीबाई नवऱ्याला घेऊन आली होती. नागोराव कापसाच्या भरल्या गाडीवरून पडला, तेव्हापासून कमरेखालचा भाग लुळा. महिनोन्‌महिने खपल्यावर गेल्या आठवड्यात तो दांड्यांच्या मधात पहिल्यांदा उभा राहिला होता. आज पहिलं पाऊल टाकायचं होतं. सणासाठी घेतलेला नवा सदरा अंगात होता.

त्यानं खोलीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे.

"दुसरी कुठी गेली, डाक्टरसायब?"

बाबारावांनीच सांगितलं. नागोरावनं खुर्चीचं चाक दाराकडं वळवलं. मग बायकोला म्हणाला, "चाल वापस."

"थांबा!" डॉक्टर उठले. नागोरावच्या गुडघ्यांना पट्टे बांधले, त्याला उभं केलं. त्याचा डावा हात दांडीवर ठेवला, उजवा आपल्या हातावर घेतला. त्याचा सगळा भार डॉक्टरांच्या खांद्यात उतरला. नागोराव थरथरत होता.

नागोराव पाऊल उचलणार, तोच डॉक्टर थांबले. उद्या हा हात इथं नसणार.

"राहीबाई, इकडं या. माह्या जागी उभ्या राहा."

"मले नाई जमत, सायब. हे पडतीन ना!"

"पडत नाईत. हात असा कोपरात वाकवा, पोटाशी घट्ट धरा. आता तो हात तुमचा नाई, लोखंडाचा हाय समजा."

राहीबाईनं पदर खोचला. हात वाकवला. नागोरावनं तिचा हात धरताच ती जरा कलली, पुन्हा ताठ झाली.

"दुखते काय वं?" त्यानं विचारलं.

"खाली नोका पाहू. समोर पाहा."

उजवा पाय फरशीवर घासत पुढं सरकला. मग डावा. फरशीतली भोकं ओलांडून दोघं भिंतीकडे निघाली.

डॉक्टर मागं राहिले. पडलाच तर सावरावं म्हणून पुढं केलेले त्यांचे दोन्ही हात तसेच हवेत होते, रिकामे.