तेजश्रीनं विश्वासानं सांगितलेलं

प्रियदर्शनी विमा कार्यालयात नोकरीला होती. रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना झाली, की ती आणि सतीश नावाचे एक शिक्षक तिथल्या मुलामुलींना घेऊन बसायचे. अभ्यास, घरातल्या कुरबुरी, पुढं काय शिकायचं, जे निघेल ते बोलायचे. प्रियदर्शनीच्या गटातली तेजश्री अकरावी सायन्सला होती. एका रविवारी बाकीच्या मुली गेल्या तरी ती चटया गुंडाळत मागं राहिली.

"ताई, मी कॉलेजला जातच न्हाय. इंग्रजीतनं शिकवलेलं काय कळंना. डबा घेऊन निघते आन् तळ्याकाठच्या बागेत एकटीच बसते."

"घरी माहीत आहे?"

"न्हाय. पण सांगणार हाय, माझं मीच. तुमी बोलू नका."

"नाही बोलणार," प्रियदर्शनी म्हणाली. आर्ट्सला बदली करून मिळते का, तेही विचारते म्हणाली.

त्या आठवड्यात पौर्णिमा होती. विहारात खीरदान झालं आणि बायका भांडी घासायला बसल्या. तेजश्रीची आई विठाबाई दवाखान्यात सफाईचं काम करायची. ती म्हणाली, "पोरगी घरात तोंडच उघडत न्हाय बगा."

"माझ्याशी बोलते की सगळं," प्रियदर्शनी म्हणाली. शेजारच्या बायका कौतुकानं तिच्याकडं बघायला लागल्या आणि तिला थांबताच आलं नाही. "कॉलेज झेपत नाहीये तिला. जातच नाही ती. मला सांगितलं तिनं."

विठाबाईचा हात पातेल्यातच थांबला. कुणीतरी विचारलं, "मग दिवसभर असती कुटं?" "तळ्याकाठच्या बागेत," प्रियदर्शनी बोलून गेली.

पुढच्या रविवारी तेजश्री आली नाही. प्रियदर्शनी तिच्या घरी गेली. विठाबाईनं चहा टाकला. "तिच्या बापानं वळसंगला धाडली, आत्याकडं. शिकायचं नसंल तर रानात राब म्हणाला. तुमी सांगितलं म्हणून कळलं, ताई. लई उपकार झाले."

प्रियदर्शनीला तो चहा पिववेना. विठाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. काळजीपोटी सांगितलं, असं ती आठवडाभर स्वतःला समजावत होती. पण काळजी असती तर तिनं विठाबाईला बाजूला घेऊन सांगितलं असतं. चार बायकांत मिरवायला पोरीचं गुपित वापरलं होतं तिनं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती वळसंगला गेली. तेजश्री तुरीत खुरपत होती. ताईला बघून ती उठली नाही.

"माझं चुकलं, तेजश्री."

"बाबांनी मारलं न्हाय मला," ती खुरपं चालवत म्हणाली. "पण निघताना गल्लीतल्या बायका इचारत होत्या, बागेत कुणासंगं बसायचीस. त्यांना काय सांगू, ताई?"

प्रियदर्शनी तशीच बांधावर बसून राहिली.

संध्याकाळी तिनं तेजश्रीच्या वडिलांना, ईश्वरना, गाठलं. ते गवंडीकामावरून नुकतेच आले होते. "पोरीनं मला विश्वासानं सांगितलं होतं. ती स्वतः तुम्हाला सांगणार होती. मी शब्द मोडला. शिक्षा तिला नको."

ईश्वर हातावरचं सिमेंट खरवडत होते. "कॉलेज बुडवलं ह्याचं न्हाय वाटलं एवढं. आमाला सोडून तुमाला सांगितलं, ते लागलं."

"तुम्हाला वाईट वाटेल, याचीच तिला भीती होती."

दोन दिवसांनी ईश्वर वळसंगला गेले आणि पोरीला घेऊन आले. आर्ट्सला बदली मिळाली. अर्ज द्यायला ईश्वर स्वतः गेले. प्रियदर्शनीनं सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

रविवारी वंदनेनंतर प्रियदर्शनी सगळ्यांपुढं उभी राहिली. पौर्णिमेला आपण बोललो ते बोलायचा आपल्याला अधिकार नव्हता, आणि तेजश्री बागेत एकटीच बसायची, एवढं तिनं सांगितलं. बायका खाली बघत राहिल्या. एकीनं तेवढं "जाऊ द्या की ताई" म्हटलं.

मग गट बसले. तेजश्री दारातून आत आली, "जय भीम, ताई" म्हणाली आणि सरळ जाऊन सतीश सरांच्या गटात बसली. सरांनी लांबूनच प्रियदर्शनीकडं बघितलं, हिला तिकडं पाठवू का, अशा अर्थानं.

प्रियदर्शनीनं मान हलवून नको म्हटलं. समोरच्या मुली तिच्या बोलण्याची वाट बघत होत्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायला तिला थोडा वेळ लागला.