पहिल्या हाताच्या आधी

माझा मेहुणा आणि मी, दोघे मिळून घरे रंगवतो. पुट्टी भरणे आणि पॉलिशपेपर मारणे माझ्याकडे, रंग त्याच्याकडे. घरात तुझ्या बहिणीची नोकरी आणि कामावर तिच्या भावाची, असे मी त्याला म्हणतो. तो म्हणतो, "पगारवाढ ताईकडे मागा."

त्याची एक सवय आहे. भिंत घासून गुळगुळीत झाली की प्रायमरचा पहिला हात मारण्याआधी तो उरल्यासुरल्या रंगांचे डबे उघडतो आणि भिंतीवर चित्र काढतो. त्या घरात सकाळी जे दिसले असेल ते. खिडकीत वाळणारे मोजे. जिन्यावर बसून मटार सोलणारी म्हातारी. बाहेर जायला तयार होऊन नवऱ्यासाठी खोळंबलेली बाई. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चित्र पुरे होते. त्याच्यासमोर बसून आम्ही डबे खातो. मग तो उठतो, चूळ भरतो आणि सगळे पांढरे करून टाकतो. त्यावर मालकाने सांगितलेला रंग चढतो. मालकाला पत्ताही नसतो.

सुरुवातीला मला वाटले, रिकामटेकडेपणा आहे. पुढे माझ्याही नकळत मी पुट्टी जास्त निगुतीने भरू लागलो. त्याच्या हाती खडबडीत भिंत द्यायची लाज वाटू लागली. एका घरात त्याने मोरी घासणारी बाई काढली होती, पाठमोरी. तोंड दिसत नव्हते, तरी ती गुणगुणते आहे हे कळत होते. हे त्याने कुठल्या रेषेत आणले ते मी संपूर्ण जेवण होईस्तोवर शोधत होतो. मला सापडले नाही.

हे सगळे निभावले, ते डॉक्टरबाईंच्या दवाखान्यापर्यंत. खाली रुग्णांनी बसायची खोली होती आणि वर नवी माडी. खालचे काम नीट झाले की वरचे आम्हालाच मिळणार होते. काम एका ठेकेदारामार्फत होते, आणि आमची बहुतेक कामे त्याच्याचकडून येत.

बसायच्या खोलीत मेहुण्याने एक म्हातारा काढला. हातातला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून तो बघतो आहे, आणि त्याला त्यातले काही कळत नाही. शेजारी लाल शाल पांघरून त्याची बायको. ती एक्स-रेकडे बघत नाही, त्याच्याकडे बघते आहे. शालीसाठी मेहुण्याने एका फाटकाचा उरलेला ऑइलपेंट घेतला. तसला लाल वरच्या पांढऱ्यातून फुटून वर येतो, हे आमच्यात नवख्यालाही ठाऊक असते. त्यालाही ठाऊक होते. "दुसरा लाल मळका होता," एवढेच तो नंतर म्हणाला.

काही दिवसांत भिंतीवर डाग उमटला. दवाखान्याच्या भिंतीवर, तोही लाल. बाकावरची माणसे त्या बाजूने सरकून बसू लागली. कंपाउंडर सांगत होता की एकाने त्याला विचारले, इथे ऑपरेशन उभ्यानेच करतात का?

बाईंनी आम्हाला बोलावले. आम्ही आणखी एक हात मारला. डाग पुन्हा वर आला.

"या भिंतीत आहे तरी काय?" त्यांनी विचारले.

"ओल असेल," मी म्हणालो.

"शाल आहे," मेहुणा म्हणाला.

मग सगळेच सांगावे लागले. बाई चष्मा काढून ऐकत होत्या.

"सगळ्या भिंतींवर, रंगाखाली, अशी चित्रं आहेत?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं काढायला?"

"कुणी नाही."

"मग का काढता?"

"भिंत रिकामी होती, बाई."

"रिकामी होती म्हणूनच तुम्हाला बोलावलं ना?" त्या उठल्या. "हे बघा, ठेकेदाराला मी आजच फोन करणार होते. तो उद्यावर टाकते. मी रोज लोकांना विचारते, काय होतंय. धड कुणालाच सांगता येत नाही, पण सांगतात. तुम्हीही उद्या सांगा. पटलं तर माडी तुमची. नाही पटलं तर त्याच्या कानावर घालावंच लागेल. उद्या आणखी कुणाच्या घरात डाग निघायचा."

ठेकेदाराच्या कानावर जाणे म्हणजे काय, हे आम्हा दोघांना कळत होते. त्यानंतर मेहुण्याला भिंत कुणी दिली नसती.

"आमचे भाऊजी लिहून आणतील," तो म्हणाला. "ते शिकलेत."

मी शिकलो ते साठीला टेकल्यावर, सुनेकडून, तिच्याबरोबर भाजी निवडता निवडता. माझे अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली. पण शब्द दिला गेला होता, आणि तोही माझ्या वतीने.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तो माझ्यापुढे बसला. बायको पोळ्या लाटत होती.

"बोल, का काढतोस?"

"लिहा की, सवय आहे."

"सवय तंबाखूचीही असते."

"लहानपणी तव्याच्या काजळीवर बोटानं काढायचा," बायको म्हणाली. "आईचा मार खायचा."

"मार खाऊनही काढायचास? का रे?"

"तेव्हा मार स्वस्त होता, भाऊजी."

त्याच्याकडून काही निघेना, म्हणून मी माझ्या मनाने लिहिले. कला ही देवाची देणगी आहे, कलावंताचे मन हळवे असते, असे काहीबाही. वाचून दाखवले, तर बायकोने लाटणे खाली ठेवले. "हा माझा भाऊ आहे की कुणाचा सत्कार चाललाय?"

मी ते खोडले. मग मला वेगळेच विचारावेसे वाटले. "बरं, झाकताना काय वाटतं?"

तो थट्टा करायला निघाला होता, पण थांबला. "झाकताना बरं वाटतं." सांडलेल्या पिठात बोट फिरवत तो पुढे बोलला. "आपण लोकांच्या घरात दिवसच्या दिवस वावरतो. त्यांची भांडणं ऐकतो, दुखणी बघतो. त्यांना वाटतं, रंगारी आहे, त्याला काय कळतंय. पण दिसतं ना आपल्याला. दिसल्यावर तसंच निघून येणं मला जमत नाही. मी बघितलं, एवढं कुठेतरी म्हणून यावं लागतं. आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायचं नसतं."

बायकोची पोळी करपली. मी त्याचे शब्द होते तसे लिहून घेतले. फार वेळ लागला, आणि त्याने मध्ये एकदाही घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते बाईंना वाचून दाखवले, बोट ठेवून, अडखळत. शेवटी माझी भर होती: "ही सगळी चित्रे मी पाहिली आहेत. त्यांत कुणालाही हसलेले नाही. लाल रंगाची चूक मात्र आमची आहे."

बाई डागाकडे बघत होत्या. "त्या आजी आजोबांकडे बघत होत्या होय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझं लक्ष एक्स-रेवर होतं." मग मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "माडी रंगवा. तिथंही काढा, पण झाकू नका. राहू दे."

"नको, बाई."

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

"मग तुम्ही बघणार म्हणून मी काढेन. ते वेगळं काहीतरी होईल."

त्या रागावतील असे मला वाटले. त्यांनी विचारले, "निदान झाकण्याआधी एकदा बघू द्याल?"

त्याला हे अवघड गेले. "जेवणाच्या सुट्टीत या," तो अखेर म्हणाला. "पण थांबायचं नाही. मला हात मारायचा असतो."

खालच्या शालीवर आम्ही डाग अडवणाऱ्या रुपेरी रंगाचा हात मारून वर पांढरा दिला, तेव्हा लाल थांबला. मग वर गेलो. माडीची भिंत मी अशी घासली की गाल टेकवावा.

बाई आल्या तेव्हा आम्ही डबे बंद करत होतो. भिंतीवर त्यांच्याच तपासणीच्या खोलीतले बेसिन होते. एक रुग्ण गेला आहे, दुसरा अजून आत यायचा आहे, दार अर्धे लोटलेले. बाई नळाखाली हात धरून उभ्या, डोळे मिटलेले. हात केव्हाच धुऊन झाले आहेत, पाणी मात्र चालू आहे.

खालून कंपाउंडरने हाक मारली, "बाई, पेशंट." बाई भिंतीकडे आणखी एक पाऊल पुढे आल्या.

मेहुण्याने रोलर प्रायमरमध्ये बुडवला, निथळू दिला. नेहमी तो मधून, चित्रावरूनच सुरुवात करतो. त्या दिवशी तो पार कडेला गेला, माडीच्या दाराजवळ, आणि तिकडून सावकाश पांढरे करत येऊ लागला.