यादीत नसलेला

आमचा छापखाना दीड खोलीचा, पण तोरा मोठा. गावातली निम्मी माणसं गेल्याचं गावाला आमच्याच कागदांवरून कळतं. छपाईआधी मजकूर मी तपासते. वीस वर्षांत माझी एक काना-मात्रा चुकलेली कुणी दाखवावी. बाबांनीच शिकवलं होतं, शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत वर यायचं. म्हणजे डोळा अर्थामागे धावत नाही, अक्षर न् अक्षर सापडतं.

सोमवारी सकाळी बाबा गेले. रडायला सवड कुठे होती? अंत्ययात्रा चारला, म्हणजे निधनाचा कागद दहाच्या आत भिंतींवर लागायला हवा. संगणकावर माझ्या लग्नपत्रिकेतली घरच्यांची यादी होती, तीच उचलली. तीनदा उलटी वाचली. शंभर प्रती काढल्या आणि मशीनवाले काका त्या चिकटवून आले.

यादीत दादा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या तोंडावर त्याचं नि बाबांचं वाजलं, तो घर सोडून गेला, आणि बाबांनी स्वतःच्या हातानं त्याचं नाव काढून टाकलं होतं. असलेलं एकेक नाव मी तपासलं. नसलेल्याकडे लक्षच गेलं नाही. मेलीनं शेण खाल्लं, दुसरं काय.

आणि शेवटच्या आठवड्यात बाबा मला रोज विचारायचे, "थोरला निघाला का गं?" माझा फोन गेल्यावर निघाला होता बिचारा. बारा वाजता दारात आला तो पाठीवर बॅग आणि हातात भिंतीवरून सोललेला आमचा कागद. कोपऱ्यांची खळ अजून ओली होती.

"बाबांनी सांगून ठेवलं होतं?"

"नाही रे दादा. माझी चूक झाली."

तो हसला. "तुझी? चिंगे, मी कुणाला लिहिलेली प्रेमपत्रंसुद्धा तू ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत दिलीस."

"तुझ्या गळ्याची शपथ. रोज तुझीच वाट बघत होते ते."

"बरं बरं." लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणाला. "त्यांचा शब्द तू पाळलास. तुला नाही बोल लावत मी."

नवीन काढते म्हणून मी मशीनकडे धावले, तर त्यानं मनगट धरलं. "आता माझ्या समजुतीसाठी छापू नकोस."

खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचाच भयंकर राग आला. काकांसमोर बोलायचं होतं, डॉक्टरांना सांगायचं होतं, अगदी दूधवाल्यालाही चाललं असतं. सगळं माझ्या एकटीच्या कानात सांगून गेले. आता माझी साक्ष कोण खरी धरणार?

चारला गाडी आली. "घरच्यांनी पुढे या," गाडीवाला म्हणाला. मी वळून पाहिलं. दादा शेजाऱ्यांमध्ये उभा होता, आणि मला पुढे जाता यावं म्हणून बाजूला सरत होता.