पहिल्या जोडीच्या तारा

पेडणेकरांच्या दुकानात मॅन्डोलिनच्या तारा माणसातून काढून देतात, म्हणून शनिवारी दुपारी मी बायकोला, वैजयंतीला, बरोबर घेऊन गेलो. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे पूर्वाही आली. नऊ वर्षांच्या पोरीला घरी एकटं कसं ठेवणार?

दुकान बेळगावच्या कॅम्पात आहे आणि चांगलं लांबलचक आहे. दारापासून पेडणेकरांच्या गादीपर्यंत चालायलाच आम्हाला पाच मिनिटं लागली.

"काय वाजवता?" त्यांनी विचारलं.

"जाझ."

"मग नव्या नवरीच्या नकोत. फार खणखणतात. त्या लग्नाच्या बँडवाले नेतात."

खणखणाट मला नकोच होता. दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या बँडसाठी माझी परीक्षा होती. मागच्या खेपेला बँडचा म्होरक्या फर्नांडिस सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काय रे, सायकलची घंटा वाजवतोस काय?" लोक हसले. एकवीस वर्षं मी हे वाद्य वाजवतो आहे आणि ते वाक्य मला अजून झोंबतं. जाझला गोल, सावळा सूर लागतो. छेडला की मऊ उमटावा आणि वेळेवर गप्प बसावा. हे सगळ्यांना कळत नाही.

पेडणेकरांनी वैजयंतीच्या हनुवटीखाली अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. त्यांचा चेहरा खुलला.

"साहेब, नशीबवान आहात. आत पोलाद आणि वरून चपटी पट्टी गुंडाळलेली. बोट कितीही घासा, चूं करणार नाही. किती वर्षं झाली लग्नाला?"

"चौदा."

"उलट बोलतात का?"

"छे," मी जरा अभिमानानेच म्हणालो.

मॅन्डोलिनला आठ तारा, म्हणजे चार जोड्या. पेडणेकर चौथीपासून, जाड्या तारांपासून सुरुवात करतात. त्यांनी वैजयंतीला 'अं' म्हणायला सांगितलं, पक्कड आत घातली आणि दोन तारा सरळ ओढून काढल्या. रक्त आलं नाही. तारा किंचित कोमट होत्या. मी त्या बरोबर आणलेल्या मॅन्डोलिनच्या घोडीवरून घेऊन खुंट्यांना पिळल्या. जाड तारांना ताण जास्त. शेवटचा पीळ दिला तसं दुकान आवळलं आणि दार निम्म्या अंतरावर आलं.

"अहो, हलकं हलकं वाटतंय," वैजयंती म्हणाली. तिच्या आवाजातला खालचा भाग गेला होता. पूर्वाला ती ज्या आवाजात निजवायची, तो.

तिसरी जोडीही सुखरूप निघाली. भिंती आणखी जवळ आल्या. आता आम्ही चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. वैजयंतीचा आवाज फक्त वरचा, बारीक उरला होता. गच्चीवरून हाक मारतात तसा.

"दुसरी निघेल," पेडणेकर आत डोकावून म्हणाले. "पहिली नाही निघायची. पहिली साधी असते, तिच्यावर काही गुंडाळलेलं नसतं. वहिनींच्यात साधं काही उरलेलं नाही."

मग त्यांनी पूर्वाकडे बघितलं. मीही बघितलं.

"अहो, पहिली पाकिटातली घ्या," वैजयंती घाईघाईने म्हणाली. "दुकानात असेलच की."

"आहे ना," पेडणेकर म्हणाले. "निम्मे लोक तीच लावतात. काही बिघडत नाही."

मी पाकिटातली तार बोटांत ताणून छेडली. माझ्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून सांगतो, मी दोनदा छेडली. सायकलची घंटा.

"तिला नको," वैजयंती म्हणाली. तिने माझी बाही धरली. "अहो, मी कधी काही मागितलं का? तिला नको."

मला वाईट वाटलं. पण त्या बारीक आवाजात किती चांगली दुसरी जोडी आहे, हेही मला त्याच वेळी ऐकू येत होतं.

"आधी तुझी तर होऊ दे," मी म्हणालो.

दुसरी जोडी निघाली. वैजयंती बोलत राहिली, पण ओठच हलत होते. मी पीळ दिला. अरुंद होत दार पूर्वाच्या पाठीला येऊन टेकलं. आता त्यातून एखादं मॅन्डोलिन आडवं निघालं असतं, माणूस नाही. जागाच नव्हती म्हणून मी पूर्वाला मांडीवर घेतलं.

"बाबा, आईचा आवाज परत येईल?"

"येईल की. मी वाजवलं की येईल."

तिला ते पटलं. ती पेडणेकरांच्या पक्कडीकडे बघत होती. "मी पण 'अं' म्हणू?"

"तू गायचंस, बाळ," पेडणेकर म्हणाले. "साधी तार सूर लागलेला असतानाच वर येते."

"बाबांबरोबर?"

रियाजाच्या वेळी मी तिला खोलीत येऊ देत नाही. ती दाराबाहेर बसून माझ्या सुरात सूर मिळवते, हे मला ठाऊक होतं. कितीदा तरी तिने विचारलं होतं आणि मी 'उद्या' म्हणालो होतो.

"हो, माझ्याबरोबर," मी म्हणालो. तिने आनंदाने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि मग ताठ बसली.

तेवढ्यात वैजयंती पुढे झेपावली. पूर्वाला ओढायला हात पुरेना, मध्ये मॅन्डोलिन होतं. तिने मूठ वळली आणि होता नव्हता तो जोर लावून सहाही तारांवर आपटली.

एकवीस वर्षांत मी असा सूर ऐकला नव्हता. गोल, सावळा, जड. दुकानभर पसरला आणि वेळेवर गप्प बसला. फर्नांडिसचं तोंड मला डोळ्यांसमोर दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुन्हा," मी वैजयंतीला म्हणालो. "पुन्हा मार."

तिने पुन्हा मारली.

"ऐकलंस?" मी पूर्वाला म्हणालो. "आईच्या वर लाव."

पूर्वाने डोळे मिटले आणि सूर लावला. तो जरा उतरलेला होता. मी बोटाने वर असं दाखवलं, तशी ती चढवत गेली, आणि मग तो अचूक लागला.

"तिची हनुवटी वर धरा," पेडणेकर म्हणाले.

मी धरली.